टॉवर लाइनला हरकत : कुणाकडे, कधी आणि नेमकं काय मागायचं?

तारेवरचा

गेल्या पंधरवड्यात तीन जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. तिघांचा प्रश्न एकच : "आमच्या भागातली हाय टेन्शन लाइन वाढवणार आहेत, पेपरात नोटीस आलीय. जनसुनावणी कधी असते?" प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा धागाच काढतो. पारेषणात छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी टॉवरच्या पायथ्याशी उन्हात. आता निवृत्त आहे, तेव्हा कुणाची तळी उचलायची सक्ती नाही.

आधी वाईट बातमी. औष्णिक केंद्र किंवा खाण येणार असली की मांडव पडतो, जिल्हाधिकारी समोर बसतात, माईकवर गाऱ्हाणी होतात. वाहिनीच्या वाट्याला हे येत नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत कुठल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी आहे. पारेषण वाहिन्या त्या यादीतच नाहीत. वनजमीन लागत असेल तर वन कायद्याखालची परवानगी वेगळी, पण ती तेवढ्या जंगलापुरती.

मग लोकांनी बोलायचं कुठे? जागा आहेत, पण एका छताखाली नाहीत आणि एका वेळीही नाहीत. वाहिनी हवी की नको हे नियोजनात ठरतं. राज्यातल्या जाळ्याचा आराखडा महापारेषण करते, आंतरराज्य जाळ्याचा केंद्रीय पातळीवर होतो. हे कागद बहुतेकदा संकेतस्थळावर असतात आणि ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नंतर मार्ग. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ खाली ओव्हरहेड वाहिनीला शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि कलम १६४ खाली कंपनीला टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात. पेपरात गावांची नावं छापून जी नोटीस येते ती या टप्प्यावरची. कंपनी नवी असेल आणि परवाना मागत असेल तर कलम १५ खाली नियामक आयोगाकडे हरकत घेता येते. नोटीस छापल्यापासून ३० दिवसांत पोचली तरच ती विचारात घेतात. खर्च तुमच्या बिलात कसा येणार हा प्रश्न दरनिश्चितीच्या वेळचा, कलम ६४. तिथे मात्र खरीखुरी सुनावणी असते, कुणीही लेखी सूचना देऊ शकतो.

आणि सगळ्यात शेवटी शेत. खड्डे खणायला माणसं येतात तेव्हा आपण जागे होतो, काम अडवतो, आणि प्रकरण टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जातं. तिथे लोक ओरडून सांगतात, "ही लाइन लागतच नाही!" साहेब शांतपणे ऐकून घेतात, कारण लाइन लागते की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. छत्तीस वर्षांत हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की मोजदाद सोडली. गरजेचा प्रश्न मार्गाच्या टप्प्यावर, मार्गाचा मोबदल्याच्या टप्प्यावर. प्रत्येक जण एक गाडी उशिरा.

विचारा, जमेल तसं उत्तर देतो. राजकारण नको.

लघुदाब

छान धागा, वाचनखूण साठवली. पण एक शंका. हे असं विखुरलेलं मुद्दाम ठेवलंय का?

तारेवरचा

मुद्दाम कुणी ठेवलं नसावं. १८८५ चा टेलिग्राफ कायदा तारेच्या खांबांसाठी होता. खांब रोवायला दोन फूट जागा, मालकी शेतकऱ्याचीच, नुकसान होईल तेवढी भरपाई. तोच अंगरखा पुढे ४०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या टॉवरला चढवला. अंगरखा फाटणारच.

मृगधारा

काका, माझं थोडं लांबण लागेल, पण वाचा.

आमच्या शेतावरून माझ्या लग्नाआधीपासून लाइन जाते. सासरे सांगतात, तेव्हा पिकाचे थोडे पैसे मिळाले होते, बस. गेल्या महिन्यात दोन पोरं दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, काही नाही, जुन्या तारा काढून नव्या घालायच्यात." मी चहा दिला, ती गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर हरभऱ्यात लाल रंग लावलेल्या तीन खुंट्या. त्या जुन्या टॉवरपाशी नाहीत, ओळीपासून चांगल्या तीस-पस्तीस पावलं बाजूला आहेत. तारा बदलायला बाजूला खुंट्या कशाला?

तारेवरचा

मृगधाराताई, पावलं मोजलीत हे फार बरं केलंत. खुंट्या बाजूला म्हणजे पाया बाजूला. नुसत्या तारा बदलायच्या असतील तर शेतात खुंटी ठोकायचं कारण नाही.

"क्षमतावाढ" हा शब्द एका पिशवीत चार वेगळ्या वस्तू घालतो, म्हणून तो ऐकला की पहिला प्रश्न हाच : यातली नेमकी कुठली? एक, त्याच टॉवरवर जास्त प्रवाह सोसणारी तार. आपल्याकडच्या तारांना प्राण्यांची नावं आहेत : १३२ केव्हीला बहुधा पँथर, २२० ला झीब्रा, ४०० ला मूस. (नव्या पोरांना साइटवर "झीब्रा उतरवा" म्हटलं की आधी इकडेतिकडे बघायची.) ही ॲल्युमिनियम-पोलादाची तार साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापू देतात. त्यापुढे ती सैल होऊन खाली झोळते आणि जमिनीपासूनचं अंतर कमी होतं. नव्या प्रकारची तार, जिला एचटीएलएस म्हणतात, दीडशे अंशांवरही फारशी झोळत नाही, म्हणून त्याच टॉवरवरून जवळपास दुप्पट वीज जाते. दुसरं, टॉवर मुळात दोन सर्किटांचा, म्हणजे तारांच्या दोन संचांचा आहे पण एकाच बाजूला तारा आहेत. मोकळ्या हातांवर दुसरं सर्किट ओढायचं. या दोन्हींत नवी जमीन लागत नाही, तार ओढताना पीक तुडवलं जातं तेवढं. तिसरं, जुनी वाहिनी पाडून त्याच पट्ट्यात वरच्या दाबाची उभी करायची. चौथं, शेजारून समांतर नवी. तुमच्या खुंट्या तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकाराच्या दिसतात.

आत्ताची लाइन किती दाबाची आहे ते स्वतः बघता येईल. टॉवरच्या हातापासून तारेपर्यंत ज्या बशांच्या माळा लोंबतात त्यातल्या बशा मोजा. नऊ-दहा असतील तर १३२ केव्ही, चौदाच्या आसपास तर २२०, तेवीसच्या आसपास तर ४००. खालून, लांबूनच. टॉवरवर चढायचं नाही, कुणाला चढवायचंही नाही.

मृगधारा

मुलाच्या मोबाइलवर फोटो मोठा करून मोजल्या. चौदा.

तारेवरचा

म्हणजे २२०. त्या दाबाला सुरक्षित पट्टा ३५ मीटरचा धरतात, ४०० ला ४६ ते ५२. वरच्या दाबावर नेणार असतील तर जुना पट्टा पुरणार नाही. लेखी विचारा : दाब किती, सर्किटं किती, जुनी वाहिनी काढणार की राहणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं जातं, तोच धरून ठेवा. दोन्ही राहिल्या तर मधल्या जमिनीचं काय करायचं हे तुम्हालाच ठरवायचंय.

पोस्टकार्ड

एवढे टॉवर कशाला, सरळ जमिनीखालून केबल टाका ना. शहरात टाकतातच की. शेतकऱ्याच्या वेळीच पैसे नसतात.

ऋण_घन

हा मुद्दा दर वेळी येतो आणि तो मूर्खपणाचा नाही, म्हणून जरा सविस्तर.

जमिनीतली केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर, वीजभार साठवणारी वस्तू. मध्ये तार, भोवती इन्सुलेशन, बाहेर धातूचं कवच. एसीमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहात, हा कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि रिकामा होतो. लांबी वाढेल तसा हा भरण्या-रिकामा होण्याचा प्रवाहच केबलची ताकद खाऊ लागतो आणि कामाची वीज न्यायला जागा उरत नाही. उपाय म्हणून मध्येमध्ये रिॲक्टर (हा प्रवाह भरून काढणारी मोठी वेटोळी) बसवावे लागतात. शहरातली केबल काही किलोमीटरची असते, तिथे हे निभतं. शंभर किलोमीटरला अतिउच्च दाबाची एसी केबल टाकणं अवघड आहे, नुसतं महाग नव्हे.

डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला, हा त्रास नाही. जर्मनीने २०१५ मध्ये कायदा बदलून उत्तर-दक्षिण मोठ्या डीसी वाहिन्यांना जमिनीखालच्या केबलचं प्राधान्य दिलं, कारण टॉवरला प्रचंड विरोध होता. मार्गाचं काम नव्याने सुरू करावं लागलं. सूडलिंक नावाची जी वाहिनी २०२२ मध्ये सुरू व्हायची होती ती आता २०२८ वर गेलीय. विरोधही संपला नाही, कारण केबलसाठीही पट्टा खणावा लागतो, त्यावर खोल मुळांची झाडं चालत नाहीत, आणि ठरावीक अंतरावर सांध्यांचे चेंबर येतात.

आपल्याकडे चंद्रपूर-पडघे डीसी वाहिनी आहे, १९९९ पासून : ५०० केव्ही, १५०० मेगावॅट, साडेसातशे किलोमीटर. पण ती टॉवरवरूनच जाते. केबल मागायचीच तर सगळ्या मार्गाला मागू नका. गावठाण, शाळा, फळबागेचा दाट पट्टा अशा नेमक्या तुकड्यासाठी मागा. त्या मागणीला "तांत्रिकदृष्ट्या अशक्य" हे एका ओळीचं उत्तर देता येत नाही.

तारेवरचा

+१. तुकड्याला केबल, नाहीतर मोनोपोल. चार पायांच्या जागी एकच जाड खांब, पायथ्याला जागा कमी जाते. खर्च वाढतो म्हणून कंपनी स्वतःहून सुचवत नाही.

पोस्टकार्ड

बरं. पण कॅन्सरचं काय? आमच्या एका नातेवाइकांच्या घरावरून लाइन जायची...

ऋण_घन

नातेवाइकांबद्दल वाईट वाटलं. जे माहीत आहे तेवढं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला "२ ब" गटात टाकलं. अर्थ : संशयाला थोडा आधार आहे, सिद्ध नाही. हा आधार मुख्यतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पाहण्यांचा आहे. सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे आणि वाहिनीखालचं मोजमाप सहसा त्याच्या बरंच खाली असतं. बाजूला सरकाल तसं ते झपाट्याने आणखी उतरतं.

तारेवरचा

आणि आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. हरकतीत कॅन्सर पहिला लिहिला की तुम्ही हरलात. समोरचा माणूस छापील उत्तर काढतो, मर्यादेचा आकडा दाखवतो आणि सगळी सभा त्यावरच भांडत राहते. मार्ग, पट्टा, जमिनीपासूनचं अंतर हे सगळं बाजूला. मी टेबलाच्या पलीकडे बसायचो तेव्हा खरं सांगायचं तर आम्हाला तो प्रश्न आवडायचा.

मागायचंच तर हे मागा : सर्वाधिक भाराला घराच्या दाराशी क्षेत्र किती असेल, ते लेखी द्या आणि वाहिनी सुरू झाल्यावर मोजून दाखवा. तारेतला प्रवाह दुप्पट झाला तर तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही दुप्पट होतं, म्हणून "टॉवर तेच आहेत, काही बदलत नाही" हे उत्तर घेऊ नका.

अवांतर : पावसाळी सकाळी मोठ्या लाइनखाली जो चर्रर्र आवाज येतो तो कोरोना. तारेभोवतीची हवा थोडी थोडी फुटत असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुठेतरी भजी तळताहेत. लाइनखाली तारेचं लांब कुंपण असेल तर ते मात्र नीट अर्थिंग करून घ्या. झिणझिण्या येतात त्या खऱ्या असतात.

पोस्टकार्ड

"आम्हाला तो प्रश्न आवडायचा" हे वाचून रागही आला आणि पटलंही.

खडूस_कारकून

पैशाचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. महसुलात होतो, टेबलाच्या तिसऱ्या बाजूला.

टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. म्हणून भूसंपादनाचे दर मागितले की अर्ज बाजूला पडतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०१५ ला मार्गदर्शक सूचना काढल्या : टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला त्या सुधारल्या : टॉवरच्या जागेला २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधली, अधिक चारही बाजूंना एकेक मीटर. पीक आणि झाडांची भरपाई याहून वेगळी. पण या सूचना आहेत, कायदा नव्हे. आपल्या प्रकल्पाला राज्याचा कुठला शासन निर्णय लागू आहे त्याचा क्रमांक आणि तारीख आधी लेखी घ्या, मग टक्केवारीवर बोला.

शेतकरी सगळ्यात जास्त फसतो तो पंचनाम्यात. काम तीनदा येतं : पाया, उभारणी, तार ओढणे. तिन्ही वेळी पीक तुडवलं जातं, तेव्हा पंचनामे तीन. लोक पहिल्यावर सही करतात आणि पुढच्या दोन वेळा घरी नसतात. विहीर, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या, बांधावरची सागाची झाडं, सगळं नावानिशी आणि संख्येनिशी आलं पाहिजे. कोऱ्या रकान्याखाली सही नाही. भरपाई अपुरी वाटली तर टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. मीही सगळ्यांना सांगितलं होतं असं म्हणत नाही.

लघुदाब

खडूस साहेब, शेवटच्या वाक्याला सलाम.

पण मला मूळ मुद्द्यावर यायचंय. इतका उपद्व्याप करून या वाहिन्या लागतात का खरंच? घराघरांवर सौर पॅनल बसतायत, बॅटऱ्या येतायत. जाळं वाढवा, जाळं वाढवा हे ठेकेदारांचं गाणं नाही कशावरून?

ऋण_घन

कधी असतंही. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती, बाकीच्या एकामागोमाग गेल्या आणि शहरात वीज आणायला पुरेशा वाटा उरल्या नाहीत. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी तेव्हा रखडलेली होती. ती २०२३ मध्ये सुरू झाली. एक घटक पडला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, हा जाळ्याचा पाया आहे. एक बंद ठेवून काम करताना दुसरी पडली तर काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

तारेवरचा

३० आणि ३१ जुलै २०१२ चं त्याहून बोलकं आहे. उत्तर भारत आधी, मग पूर्व आणि ईशान्यही अंधारात, सुमारे ६० कोटी लोक. सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी सुटण्यापासून झाली. आणि त्या मार्गाचं दुसरं सर्किट बंद का होतं? ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी! क्षमतावाढ करताना काही काळ क्षमता घटते. म्हणून "काम चालू असताना वीज कुठल्या वाटेने येणार" हा प्रश्न शहरवाल्यांनी विचारायचा असतो. पण ते हरकत घ्यायला येतच नाहीत.

लघुदाब, तुमच्या शंकेला माझं उत्तर : लागते म्हणून सांगणाऱ्याकडून आकडे मागा. आत्ताच्या वाहिनीवर सर्वाधिक भार किती, वर्षात किती तास, आणि एचटीएलएस तारेचा पर्याय तपासला का, नाकारला तर कशावरून. नाकारण्याचं खरं कारण असू शकतं. त्याच दाबावर दुप्पट वीज म्हणजे दुप्पट प्रवाह, आणि तारेचा रोध तोच धरला तर गळती चौपट. तीच वीज २२० ऐवजी ४०० ने नेली तर गळती तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. हे गणित मांडून कुणी नवी वाहिनी मागितली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. गणितच नसेल तर मृगधाराताईंच्या बाजूने.

लघुदाब

म्हणजे सौर आल्याने वाहिन्या कमी लागतील हे खोटं?

ऋण_घन

छतावरच्या सौरने थोड्या कमी लागतील. वाळवंटातल्या मोठ्या सौर उद्यानांनी उलट जास्त लागतात, कारण वीज तिकडे आणि मागणी इकडे.

रानवाटा

त्या वाळवंटाचंच सांगते. राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांना या तारा दिसत नाहीत. समोर बघण्याचा त्यांचा कोन अरुंद, शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ ला त्यांच्या अधिवासात वाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. तारांवर चकत्या लावणं हा उपाय सांगतात, पण चकत्या पडतात, फिरायच्या थांबतात, आणि कुणी पुन्हा बघायला जात नाही. हरकतीत हे लिहा : चकत्या लावणार हे कळलं, दर वर्षी तपासणार कोण?

तारेवरचा

रानवाटा, हे मला कधीच सुचलं नव्हतं. आम्ही चकत्या लावायचो आणि मोजमाप पुस्तकात संख्या लिहून मोकळे व्हायचो.

मृगधारा

काका, कळवायचं राहिलं. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. सोमवारी नकाशा मिळाला. ४०० केव्ही, दोन सर्किटं. "जुनी वाहिनी काढणार का" यापुढे लिहिलंय "यथावकाश". खडूस साहेब, याचा सरकारी अर्थ काय?

खडूस_कारकून

नाही.

मृगधारा

वाटलंच होतं. अजून एक. खुंट्या आमच्या हरभऱ्यात आहेत, पण नकाशात टॉवर बांधापलीकडे दाखवलाय आणि गट नंबरही शेजारच्यांचा पडलाय. त्यांना काहीच माहिती नाही, ते पुण्याला मुलाकडे असतात. उद्या दोन्ही सातबारे घेऊन तलाठ्याकडे जातेय, खुंट्यांचे फोटो काढून ठेवलेत. फोटोत शेजारी पट्टी धरायची राहिली, सकाळी परत काढते.

तारेवरचा

पट्टी धराच. आणि फोटोत मागे जुना टॉवर दिसू द्या. त्याच्या पायावर नंबराची पाटी असते, तीही जवळून घ्या.